मेंढीचं खूर सडलं तर आधी चाकू नको

पावसाळ्यात एखादी मेंढी मागे रेंगाळते, पुढचे गुडघे टेकून चरते. तिचं खूर उचलून नख्यांची बेचकी फाकवली की कुजका वास येतो. ही खुरसड. चिखलानं बेचकीतली कातडी भिजून मऊ पडते, तिथे शेणातले जंतू शिरतात. मग डायकेलोबॅक्टर नोडोसस हा जंतू खुराचा कठीण भाग आतून सुटा करत जातो.

आधी तोंड मात्र उघडून बघा. जिभेवर-हिरड्यांवर फोड, अंगात ताप आणि एकाच वेळी बरीच जनावरं लंगडी असतील, तर लाळ्या-खुरकूत समजून कळप हलवू नका, डॉक्टरांना बोलवा.

खुरसडीत रक्त येईपर्यंत खूर तासायची जुनी सवय सोडा. त्यानं जखम वाढते, बरं व्हायला वेळ लागतो आणि चाकूवरून रोग पुढच्या मेंढीला जातो. वाढलेल्या नख्या पाय बरा झाल्यावर छाटा. लंगडीला वेगळं बांधा. डॉक्टर बहुधा लाँग-ॲक्टिंग ऑक्सिटेट्रासायक्लिन (बराच वेळ काम करणारं अँटिबायोटिक इंजेक्शन) देतात, किलोमागे 20 मिलिग्रॅम. म्हणजे 30 किलोच्या मेंढीला दर मिलीत 200 मिलिग्रॅम असलेलं 3 मिली.

बाकी कळपाला झिंक सल्फेटचं पायस्नान द्या. 6 बाय 4 फुटांच्या हौदात अडीच इंच पाणी म्हणजे साधारण 140 लिटर; त्यात 14 किलो झिंक सल्फेट. एका वेळी आठेक मेंढ्या मावतात. त्या आत किमान 10 मिनिटं उभ्या राहायला हव्यात. नुसत्या पळवत नेल्या तर औषध बेचकीत मुरतच नाही. खुरांचा चिखल आधी धुवा. पाणीही आधीच पाजा, नाहीतर हौदात तोंड घालतील. मोरचूद शक्यतो नकोच, मेंढीला तांबं सोसत नाही. बाहेर काढल्यावर तासभर कोरड्या फरशीवर किंवा मुरमावर उभ्या करा. लगेच चिखलात सोडल्या तर सगळं मुसळ केरात. आठवड्यानं पुन्हा द्या. उरलेलं पाणी ओढ्या-विहिरीपासून लांब टाका.

हा जंतू मातीत फार दिवस तगत नाही, म्हणून बसायची जागा दोन आठवडे मोकळी ठेवा. विकत आणलेलं जनावर तीन-चार आठवडे वेगळं. औषध करूनही पुन्हा पुन्हा लंगडणारी मेंढी काढून टाकलेली बरी, रोग तीच जपून ठेवते.

गाई-म्हशींत असाच आजार एकाएकी येतो: खुराच्या वर दोन्ही बाजूंना सारखी सूज, बेचकीत चीर, दुर्गंधी. आधी खडा-काटा अडकलाय का बघा. पहिल्या दोन दिवसांत इंजेक्शन मिळालं तर जनावर लवकर उठतं; दूध किती दिवस वगळायचं ते त्याच वेळी विचारून घ्या. सूज एकाच नखीवर असेल तर सांध्यात किंवा तळव्यात पू असू शकतो, तिथे नुसत्या इंजेक्शनवर विसंबू नका.