बारावा पंचकोन बसत नाही? कागदी घनाकृती करताना या चुका टाळा

माझा पहिला द्वादशफलक, म्हणजे बारा पंचकोनी पृष्ठांची घनाकृती, अकराव्या पंचकोनापर्यंत झकास जमला होता. बारावा बसेना. एका कडेला फट, दुसऱ्या कडेला कागद वर आलेला. अंगठ्याने दाबला तर पलीकडचे दोन जोड सुटले. रात्रीचे साडेअकरा, भाचीचं प्रदर्शन सकाळी. शेवटी फट भिंतीकडे करून ठेवायला सांगितलं.

चूक आखण्यात होती. प्रत्येक पंचकोन मी आधीच्याच्या कडेवर कोनमापक ठेवून, 108 अंश मोजून काढला. अर्धा अंश इकडे, अर्धा मिलिमीटर तिकडे, असं साचत गेलं आणि सगळी थकबाकी शेवटच्या पृष्ठाच्या गळ्यात पडली. तेव्हापासून एकच पंचकोन जीव ओतून काढतो, जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर. तो कापायचा, कार्डशीटवर ठेवून पाची कोपरे टाचणीने टोचायचे, मग रेषा पट्टीने. साच्याभोवती पेन्सिल फिरवायचा आळशी मार्ग नको, आकार तेवढाच फुगतो.

दुसरा घोळ चिकटवायच्या पट्ट्यांचा. मनाला येईल तिथे सोडल्या की एका जोडावर दोन येतात, दुसऱ्यावर एकही नाही. घडणीच्या, म्हणजे घनाकृती उलगडल्यावर होणाऱ्या सपाट आकाराच्या, बाहेरच्या कडेने फिरा आणि एक कड सोडून एकीला पट्टी द्या. घनाच्या घडणीला बाहेरून 14 कडा, म्हणून पट्ट्या 7. द्वादशफलकाला 38 आणि 19. घनाच्या 11 निरनिराळ्या घडणी होतात, कुठलीही घ्या, हे चुकत नाही, कारण जुळणाऱ्या दोन कडांच्या मध्ये नेहमी सम संख्येनेच कडा येतात. पट्टीची टोकं मात्र तिरकी कापा.

सुकलेल्या बॉलपेनने रेघ दाबल्याशिवाय दुमडू नका. ‘माझी घडी अशीच सरळ येते’ म्हणणाऱ्यांचे घन मी पाहिलेत, बसक्या लाडवासारखे.

प्रिंटरचा 80 जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन 80 ग्रॅम) कागद गोंदाने सुरकुततो, 200 च्या आसपासचं कार्डशीट घ्या. रंगवायचं ते सपाट असतानाच.

शेवटचं पृष्ठ दाबायला आत बोट जात नाही. म्हणून आधीचे जोड अर्धा तास वाळू देतो, मग उरलेल्या सगळ्या पट्ट्यांना काडीने पातळ फेव्हिकॉल लावून झाकण बंद करतो आणि तीच बाजू टेबलावर खाली ठेवतो. वर एक हलकी वही. हेअर ड्रायर लावू का, हे मला विचारू नका.