कागदावरचा सूर गळ्यात, कानातला सूर कागदावर

नोटेशन बघून गाणं आणि ऐकलेलं लिहून काढणं, या दोन्हींचा पाया एकच. प्रत्येक सूर ‘सा’पासून किती लांब आहे, हे कानाला कळलं पाहिजे. म्हणून रियाजाला बसलात की तानपुरा सुरूच हवा. मिरजेचा तानपुरा घरात असेल तर उत्तमच, नाहीतर ॲप चालेल, पण फोनच्या स्पीकरमधून खर्ज (खालचा सा) नीट येत नाही, तेव्हा इयरफोन लावा. पट्टी, म्हणजे पेटीच्या ज्या स्वरावर तुमचा सा धरायचा तो, मुलांची साधारण काळी एक-दोन, मुलींची काळी चार-पाच. ठरली की बदलू नका.

सुरुवात भूप रागापासून: सा रे ग प ध. सरळ आरोह-अवरोह दोन-चार दिवसांत तोंडपाठ होतो आणि मग कान कामच करत नाही. त्यापेक्षा उड्या घ्या: सा-प, सा-ग, सा-ध, दर वेळी सा वर परत. हे जमलं की मधला सा मनात ठेवून प-रे, ग-ध म्हणा. पेटीला हात आधी लावायचा नाही, गाऊन झाल्यावर पडताळण्यापुरताच. त्यातही ग साठी पेटी प्रमाण मानू नका. तिचा ग स्वयंभू (तारेतून आपोआप उमटणाऱ्या) गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा, म्हणजे शेजारच्या स्वरापर्यंतच्या अंतराचा सातवा हिस्सा. खर्जाच्या तारेतून तो गंधार आपसूक उमटतो, त्यात आवाज मिसळा.

पुढे म आणि नी घ्या, मग कोमल सूर एकेक करून. सगळे सूर शुद्ध असलेल्या बिलावल थाटात नी कोमल केला की खमाज थाट, त्यात ग कोमल केला की काफी, मग ध केला की आसावरी, रे केला की भैरवी. तीव्र म साठी बिलावलातून कल्याणात जा.

भातखंडे नोटेशन पद्धतीत कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र म च्या डोक्यावर उभी, मंद्राला (खालच्या सप्तकाला) खाली बिंदू, तारसप्तकाला वर. नवी ओळ आधी हातावर त्रिताल (सोळा मात्रांचा ताल) धरून नुसती बोला, सूर नंतर. चुकलं तरी थांबू नका. मागे गेलात की लय तुटते आणि नजर पुढच्या विभागावर जायची सवयच लागत नाही.

ओळखायच्या सरावाला जोडीदार हवा. त्यानं तीन सूर वाजवायचे, तुम्ही आधी आकारात (नुसत्या ‘आ’वर) म्हणायचे, मग शेवटच्या सुरावरून पायरी-पायरीनं सा पर्यंत उतरायचं आणि मगच नाव घ्यायचं. नाव आधी घेतलं तर तो अंदाजच असतो.

इथे तानपुरा बंद ठेवणं महागात पडतं. ग-नी चं अंतर सा-प इतकंच, त्यामुळे कान गुपचूप ग लाच सा मानू लागतो. भूपाचे सूर ग ला सा धरून मोजले तर कोमल ग-ध-नी असलेला मालकंस राग होतो! लिहिलेल्या ओळीत नको तिथे कोमल सूर दिसू लागले, की आधी सा सुटला का ते बघा.

जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब यांच्या कोल्हापुरात त्या घराण्याची गायकी कानावर पडतेच. पण त्या पेचदार ताना लिहायला लगेच घेऊ नका. बंदिशीचा मुखडा (सुरुवातीचा तुकडा) घ्या, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) कोणता सूर येतो तेवढंच आधी ओळखा, मग त्याच्या मागचे दोन.