घड्याळाच्या सुट्या भागांचे दागिने: या चुका टाळा

सगळ्यात आधी एक विनंती. जुन्या बाजारात मिळालेलं एचएमटी जनता नुसतं बंद आहे म्हणून मोडीत काढू नका. १७ ज्वेलचं (म्हणजे आतल्या आसांना टेकू देणारे १७ बारीक खडे असलेलं) ते चावीचं घड्याळ पुष्कळदा आतलं तेल सुकल्यामुळेच थांबलेलं असतं. दागिन्यांसाठी गंजलेली, भाग हरवलेली मशिनं घ्या. दुरुस्तीवाल्या काकांकडे ती डबा भरून असतात, मागितली की देतात.

टाइमपीस किंवा भिंतीवरचं घड्याळ उघडताना स्प्रिंगची चावी पूर्ण उतरली आहे याची खात्री होईपर्यंत एकही स्क्रू सैल करू नका. झटक्यात सुटलेली पट्टी बोट कापते. जमत नसेल तर काकांकडूनच उतरवून घ्या.

अंधारात चमकणाऱ्या कुठल्याही रंगाला आपण रेडियम म्हणतो, पण १९६० च्या दशकापर्यंत कित्येक डायलांवर खरोखरच रेडियम असायचं. आता चमकत नाही म्हणजे ते संपलं, असं नव्हे. झिजतं ते चमक देणारं झिंक सल्फाइड. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचं आहे. असे डायल आणि काटे खरवडू नका, दागिन्यात तर लावूच नका.

आता नेहमीची तक्रार: 'चाक सुटून पडलं.' दोष बहुधा गोंदाचा नसतो, तेलाचा असतो. पितळ वरून लखलखीत दिसतं, पण दात्यांच्या खाचांत आणि आसाच्या बुडाशी जुनं तेल चिकटून बसलेलं असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस फिरवत राहा. बोळा काळा व्हायचा थांबला की मगच पुढे जा. जोडायची जागा बारीक पॉलिश पेपरने खरखरीत करा. फेव्हिक्विक टाळा, त्याची वाफ आजूबाजूच्या धातूवर पांढुरकी साय धरते. दोन ट्यूबांचं अ‍ॅराल्डाइट समप्रमाणात नीट कालवा आणि रात्रभर हात लावू नका. मला विचाराल तर गोंदापेक्षा तार बरी. चाकाला भोकं असतातच, त्यातून ओवून पीळ दिला की जोड वर्षानुवर्षं टिकतो.

चिंचेचं पाणी फक्त नुसत्या पितळेला. माझा एक सुंदर निळा काटा त्यात टाकला आणि थोड्याच वेळात राखाडी होऊन बाहेर आला. पोलादावरचा तो निळा रंग म्हणजे तापवून आलेला पातळ थर. आंबटाने तो जातो, आणि मागून गंज चढतो. छापील आकडे असलेला डायलही पाण्यात बुडवू नका.

कानातल्यांचे हूक चांदीचे किंवा सर्जिकल स्टीलचे घ्या. निकेलचा मुलामा अनेकांच्या कानाला खाजतो.

फोटोत फ्लॅश मारला की पितळेवर पांढरा भडका उठतो आणि दाते दिसेनासे होतात. खिडकीला बटर पेपर लावा, घरातले दिवे बंद करा. ट्यूबलाइट आणि दिवसाचा उजेड एकत्र आले की रंग बिघडतो. तरी चाक सपाट दिसलं तर बाजूला काळा कार्डपेपर उभा करा. त्याची सावली धातूत उतरते आणि एकेक दाता कोरल्यासारखा उठून दिसतो. मोबाइल दागिन्याला अगदी टेकवू नका, आकार फुगतो. हातभर मागे सरून दुप्पट झूम घ्या. बोटांचे ठसे मऊ कापडाने आधीच पुसा. आणि एक फोटो कानात घातलेला हवाच, नाहीतर घेणाऱ्याला टाइमपीसचं चाक आणि मनगटी घड्याळाचं चाक सारखंच वाटतं.