मॉडेल इंजिनाची ओढ कशी वाढवायची

कर्जत ते लोणावळा या बोरघाटाच्या वाटेवर चढ १:३७ इतका आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. खऱ्या बऱ्याच गाड्यांनाही तिथं मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावावी लागतात. पुण्यात मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे टेबलावरचा छोटा रेल्वेमार्ग, मांडायला घेतला की हा घाट करायचा मोह होतोच. बोगदे होतात, पूल होतात, आणि मग दहा डब्यांची गाडी अर्ध्या चढावर थांबते, इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरत राहतात. अशा वेळी पहिला विचार येतो तो इंजिनात शिसं भरण्याचा. तो उपाय खरा आहे, पण त्याचा नंबर तिसरा.

आधी हिशोब बघू. इंजिन किती ओढणार हे मोटारीवर कमी आणि मोटारीशी जोडलेल्या चाकांवर किती वजन पडतं यावर जास्त ठरतं. निकेल-सिल्व्हरच्या (तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूच्या) रुळावर धातूच्या चाकाची पकड त्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा धरावी. एचओ मापाचं (खऱ्याच्या १:८७) ४०० ग्रॅमचं, सगळी चाकं फिरणारं डिझेल इंजिन म्हणजे ८० ग्रॅम ओढ. मागे १३० ग्रॅमचे दहा डबे, एकूण १३०० ग्रॅम. डबे चांगले फिरत असतील तर सपाटीवर त्यांचा विरोध वजनाच्या २ टक्के, म्हणजे २६ ग्रॅम. १:३७ चा चढ म्हणजे २.७ टक्के, म्हणून डब्यांसाठी आणखी ३५ ग्रॅम आणि इंजिनाला स्वतःला वर न्यायला ११. बेरीज ७२. गाडी चढेल, पण हाताशी फक्त ८ ग्रॅम उरतात आणि चढावर वळण असेल तर तेही संपतात.

आता तेच डबे थोडे जड फिरणारे आहेत असं धरा, २ ऐवजी साडेतीन टक्के. बेरीज ९२ वर जाते आणि गाडी अडते. फरक २० ग्रॅमचा. तेवढी ओढ इंजिनात वजन घालून मिळवायची तर सुमारे ११० ग्रॅम घालावे लागतील, कारण घातलेलं वजनही चढावर ओढावंच लागतं. ४०० ग्रॅमच्या इंजिनात ११० ग्रॅमला जागा सापडणं कठीण. डब्यांची चाकं साफ करणं त्या मानानं अर्ध्या तासाचं काम आहे.

म्हणून सुरुवात डब्यांपासून. १ मीटर लांबीच्या सरळ फळीवर रूळ ठोका आणि एका टोकाखाली बरोबर २ सेंटीमीटरचा ठोकळा ठेवा. प्रत्येक डबा वर ठेवून बोटानं हलकासा धक्का द्या. जो शेवटपर्यंत घरंगळत जातो त्याचा विरोध २ टक्क्यांच्या आत. जो मध्येच थांबतो तो बाजूला काढा. कारणं बहुतेक ठरलेली असतात. धुऱ्यावर केस किंवा गालिच्याचे धागे गुंडाळलेले असतात, ते चिमट्यानं काढा. चाकांच्या कडांवर काळा थर असतो, विशेषतः प्लास्टिकच्या चाकांवर. ती बदलून धातूची बसवली तर डबा हलका फिरतो आणि रूळही कमी घाण होतात. धुऱ्याची टोकं ज्या खोबणीत बसतात तिथं किंचित ग्रॅफाइट पूड पुरते. तेल घालायचा मोह टाळा, तेलावर पुण्याची धूळ बसून आठवड्याभरात लेप तयार होतो. दोन चाकांमधलं आतलं अंतर व्हर्नियरनं मोजा. एचओमध्ये ते १४.४ मिलिमीटरच्या आसपास हवं. कमी असेल तर चाक सांध्यांवर (गाडी रूळ बदलते तिथं) आणि गार्डरेलला (रुळाच्या आतल्या बाजूच्या पट्टीला) घासतं.

दिव्यांचे डबे वेगळे तपासा. वीज घेण्यासाठी धुऱ्यावर टेकणारी पितळी पट्टी ब्रेकसारखी काम करते. असे सहा डबे मागे असतील तर इंजिनाला मागून हात धरून ओढल्यासारखं होतं. पट्टी जेमतेम टेकेल इतकीच वाकवा, किंवा एकाच डब्यातून वीज घेऊन बारीक तारेनं पुढच्या डब्यांना द्या.

मग रूळ. पावसाळ्यात पुण्याच्या दमट हवेत निकेल-सिल्व्हर काळवंडतं, उन्हाळ्यात रस्त्याची धूळ बसते. दोन्हींनी वीज तुटते, इंजिन धक्के खातं आणि प्रत्येक धक्क्याला चाकांची पकड सुटते. सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसा. सर्किट धुवायला तेच वापरतात, त्यामुळे बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं. इंजिनाची चाकं धुवायची तर कागदी टॉवेलची पट्टी अल्कोहोलनं भिजवून रुळांवर आडवी टाका, इंजिनाची एक बोगी (खालचा चाकांचा संच) त्यावर आणि दुसरी मोकळ्या रुळावर ठेवून इंजिन हातात धरा आणि चाकं फिरू द्या. मग बाजू बदला. पॉलिश पेपर वापरू नका. त्याचे ओरखडे रुळावर राहतात आणि पुढची घाण त्यातच अडकते. रुळाला तेल लावल्यानं वीज बरी लागते असं काही जण सांगतात. सपाट टेबलावर चालेलही, पण घाटावर तेल म्हणजे घसरगुंडी.

इथवर आल्यावर ओढ प्रत्यक्ष मोजा. अंदाजानं काम केलं तर कुठला उपाय लागू पडला ते कळतच नाही. एक डिजिटल वजनकाटा टेबलाच्या कडेखाली स्टुलावर ठेवा, त्यावर अर्धा किलोचं वजन. वजनाला दोरा बांधून तो टेबलाच्या कडेला लावलेल्या बॉल-बेअरिंगच्या छोट्या कप्पीवरून इंजिनाच्या कपलिंगला बांधा. दोरा रुळाला समांतर राहायला हवा. तो वर किंवा खाली ओढला गेला तर चाकांवरचा भार बदलतो आणि आकडा खोटा येतो. हळूहळू वीज वाढवा. इंजिन पुढे ओढेल तसा काट्यावरचा आकडा ५०० वरून उतरेल. चाकं घसरण्याच्या क्षणी ४२५ दिसले तर ओढ ७५ ग्रॅम. तीन वेळा मोजून सरासरी घ्या आणि वहीत लिहा.

त्याच वेळी मल्टीमीटर १० अँपिअरच्या रेंजवर, साध्या डीसी कंट्रोलरच्या एका तारेत जोडा. चाकं घसरत असताना मोटार किती करंट घेते ते नोंदवा. इंजिन डीसीसी (रुळातून डिजिटल आज्ञा घेऊन चालणारं) असेल तर हा आकडा डिकोडरच्या, म्हणजे आत बसवलेल्या आज्ञा वाचणाऱ्या चिपच्या, क्षमतेपेक्षा बराच कमी हवा. एचओचे बरेच डिकोडर सलग १ अँपिअरपर्यंतच पेलतात.

या मोजणीतून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे: चाकं घसरणं हा मोटारीचा फ्यूज आहे. भार फार झाला तर चाकं घसरून मोटार वाचते. इंजिनात इतकं वजन भरलं की चाकं घसरतच नाहीत, तर मोटार जागीच अडकते, करंट भरमसाठ वाढतो आणि वायंडिंग किंवा डिकोडर जळतो. वजन घालताना मर्यादा हीच. इंजिन हातानं अडवून पूर्ण १२ व्होल्ट दिले तर चाकं फिरलीच पाहिजेत. फिरली नाहीत तर दोन सेकंदांच्या आत वीज बंद करा आणि वजन काढा.

आता शिसं. घनता ११.३, पोलादाची ७.८५, म्हणून तेवढ्याच जागेत दीडपट वजन बसतं. टंगस्टनची १९.३ आहे, पण ते महाग पडतं. एचओहून छोट्या एन मापाच्या इंजिनात मात्र टंगस्टन पैसे वसूल करतं, कारण तिथं जागाच नसते. गाडीच्या टायरच्या दुकानात बॅलन्सिंगच्या मागे चिकट असलेल्या ५ आणि १० ग्रॅमच्या पट्ट्या मिळतात. त्या सोयीच्या, पण हल्ली बऱ्याच लोखंडी असतात, तेव्हा विचारून घ्या. शिसं कापताना हातमोजे घाला, नंतर हात धुवा, आणि कानशीनं घासून त्याची पूड करू नका. शिशाचे छर्रे सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदानं चिकटवू नका. ओलसर गोंदात शिशावर पांढरा क्षार चढतो, तो फुगतो आणि काही महिन्यांनी इंजिनाची बॉडी आतून फाटते. इपॉक्सी वापरा.

वजन कुठे बसवायचं हे किती घालायचं याइतकंच महत्त्वाचं. दोन्ही बोग्या फिरणाऱ्या डिझेल किंवा इलेक्ट्रिक इंजिनाचा तोल बरोबर मधोमध हवा. जाड फूटपट्टीच्या कडेवर इंजिन आडवं टेकवून तोलबिंदू शोधा आणि खूण करा. शक्यतो खाली, डिझेलच्या टाकीत वजन घाला. छताखाली घातलं तर वळणावर इंजिन डोलतं. इटालियन लिमा कंपनीच्या जुन्या इंजिनांसारख्या इंजिनांत चपटी गोल मोटार एकाच बोगीत असते. तिथं वजन त्याच बोगीवर पडायला हवं. दुसऱ्या टोकाला घातलेला प्रत्येक ग्रॅम नुसताच ओझं होतो. भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूपीसारख्या ४-६-२ रचनेच्या (पुढे ४ छोटी, मध्ये ६ मोठी, मागे २ छोटी चाकं) वाफेच्या इंजिनात तोल मधल्या मोठ्या चाकावर आणा. पुढच्या छोट्या बोगीची स्प्रिंग फार ताठ असेल तर ती इंजिनाचं नाक उचलून धरते आणि मोठ्या चाकांवरचा भार खाते. स्प्रिंगची एखादी कडी कापून बघा. टेंडरमध्ये (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात) वजन घालू नका, मोटार टेंडरमध्ये असेल तरच घाला.

२० ते ३० ग्रॅम घालून पुन्हा मोजा, मग पुढचे. पंधरा मिनिटं गाडी चढावर चालवून मोटारीवर बोट ठेवा. पाच सेकंद ठेववत नसेल तर शेवटचं वजन काढा. गिअरकडेही लक्ष असू द्या. एका ठेक्यात टक-टक आवाज येऊ लागला तर धुऱ्यावरचा प्लास्टिकचा गिअर चिरला आहे. तो ग्रीसनं बरा होत नाही, बदलावा लागतो.

एवढं करूनही कमी पडलं तर रबराचे टायर, म्हणजे चाकाच्या खाचेत बसणारं रबरी कडं. त्यानं पकड ठळकपणे वाढते, पण त्या चाकातून वीज मिळणं बंद होतं. म्हणून एका धुऱ्यावरची दोनच चाकं घ्या, बाकीच्या चाकांतून वीज येऊ द्या. रबर चाकाच्या पृष्ठभागाच्या पातळीत बसायला हवं. नळदुरुस्तीचे गोल ओ-रिंग बसवले तर ते वर येतात, इंजिन त्या दोन चाकांवर उचललं जातं आणि बाकीची चाकं अधांतरी राहतात. नवीन टायर चढवण्याआधी गरम पाण्यात काही मिनिटं ठेवा, खाच अल्कोहोलनं पुसा आणि चिमट्याचं टोक न लावता बोथट काडीनं बसवा. पेट्रोल किंवा थिनर लागलं तर रबर फुगून निसटतं. टायर जुने झाले की कडक होतात, तडकतात, बदलत राहावे लागतात. ट्राय-अँग या ब्रिटिश मॉडेल कंपनीनं एके काळी इंजिनाखाली चुंबक लावून पकड वाढवली होती. ती युक्ती फक्त पोलादी रुळांवर चालते, निकेल-सिल्व्हरला चुंबक ओढत नाही.

आणि घाट १:३७ चाच ठेवायचा असेल तर कर्जतसारखाच बँकर लावा. दोन्ही इंजिनं वेगवेगळी २ मीटर चालवून घड्याळ लावा. डीसीसी असेल तर डिकोडरच्या सीव्ही (सेटिंग) २, ६ आणि ५ बदलून सुरुवातीचा, मधला आणि कमाल वेग जुळवा. मागचं इंजिन जास्त वेगानं ढकलत असेल तर वळणावर मधले हलके डबे बाहेर फेकले जातात. डब्यांचं वजन सारखं ठेवा. एनएमआरए या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीनं २५ सेंटीमीटर लांबीच्या डब्याचं वजन साधारण १७० ग्रॅम येतं. १३० चे डबे त्याहून हलके, म्हणून बँकर लावताना थोडं वजन वाढवावं लागेल आणि वरचा हिशोब नव्यानं मांडावा लागेल. चढाच्या माथ्यावर, लोणावळ्याच्या जागी, बँकरच्या लांबीपेक्षा मोठा सपाट सरळ तुकडा सोडा. कपलिंग सोडवणारं चुंबक तिथंच बसवायचं आहे, आणि चढावर कपलिंग ताणलेलं किंवा दाबलेलं असताना ते सुटत नाही.