पाणी वळताना खाडी बघा

खाडी बघायला येणारे बहुतेक जण भरतीला येतात. तेव्हा पाणी दिसतं, बाकी काही नाही. चिंबोरी (मोठा खेकडा), कोळंबी आणि निवटी, बोय, जिताडा हे मासे, ही मंडळी राहतात कशी, खातात काय, जातात कुठे हे समजून घ्यायचं असेल तर ओहोटी संपत येताना काठावर पोचा आणि पाणी पुन्हा चढायला लागलं की आणखी तासभर थांबा. मी लिहितेय ते अलिबागच्या खारेपाटाबद्दल, म्हणजे धरमतर खाडीच्या काठच्या, बांध घालून राखलेल्या खाऱ्या सखल जमिनीबद्दल. इथेच वाढले, आणि आता शाळेतल्या मुलांना घेऊन त्याच बांधांवरून जाते. कोकणातल्या दुसऱ्या खाडीलाही ही रीत चालेल, फक्त नावं थोडी बदलतील.

पहिलं काम कॅलेंडरवर. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार. म्हणजे त्याच्या सहा तास आधी, पावणेदहाच्या सुमाराला, ओहोटी. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी वेळ पुढे सरकते. अष्टमीच्या भांगाला पाणी धड चढत नाही की धड उतरत नाही, तेव्हा जाऊ नका. मला द्वितीया-तृतीया आवडते. उधाणाचा जोर अजून असतो, चिखलाचा पट्टा लांबपर्यंत उघडा पडतो आणि ओहोटी सकाळी साडेसात-आठला येते, म्हणजे उजेडही चांगला.

एकट्याने जायचं नाही. चपला घरी ठेवा, चिखल त्या ओढून घेतो. जुने कॅनव्हासचे बूट नाड्या आवळून घाला. अनवाणी गेलात तर कालवांच्या शिंपल्यांच्या कडा तळवा चिरतात. हातात बांबूची काठी हवी. ती गुडघाभर बुडाली तर तिथे पाय टाकायचा नाही. उथळ पाण्यात पाऊल उचलून टाकू नका, घसटत न्या. तळाशी पाखट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) पसरलेलं असेल तर त्याला बाजूला व्हायला वेळ मिळतो.

सुरुवात चिखलापासून करा. तिवरांच्या (खारफुटीच्या झाडांच्या) कडेला काठीने वीतभर चिखल उलटा. वर करड्या-तपकिरी रंगाचा पातळ थर, त्याखाली एकदम काळा चिखल, आणि सडक्या अंड्यासारखा वास. हा वास म्हणजे घाण नव्हे. खाली प्राणवायू पोचत नाही, तिथले जीवाणू गंधकावर जगतात, त्यांचा तो वायू. (कारखान्याच्या पाण्याचा वास वेगळा, डोळ्यांना झोंबणारा.) आता एखादं रिकामं बीळ मधोमध उभं कापा. काळ्या चिखलात बिळाच्या भिंतीभोवती तपकिरी कडं दिसेल. खेकड्याने बीळ खणलं, भरतीचं पाणी आत-बाहेर झालं, प्राणवायू खोल गेला. तिवराच्या मुळांना याचा फायदा होतो. तिवराची गळलेली पानं आत ओढून नेणारे, कुरतडणारेही खेकडेच. त्या पानांचा भुगा आणि त्यावर वाढलेले जीवाणू कोळंबीच्या पिल्लांपर्यंत पोचतात, कोळंबी माशांपर्यंत. सगळ्या खाडीचं जेवण या बिळांशी सुरू होतं असं मी मुलांना सांगते.

मग दहा मिनिटं खाली बसा आणि हलू नका. हे सगळ्यात अवघड, मुलांपेक्षा मोठ्यांना. तुमच्या पावलांच्या धक्क्याने सगळे बिळात शिरलेले असतात, शांत झालात की बाहेर येतात. आधी फिडलर खेकडे. नराची एक नांगी अंगाएवढी, दुसरी चिमुकली. मोठी फक्त हलवून दाखवायला आणि भांडायला. जेवण चालतं ते लहान नांगीने: चिखल तोंडात घालायचा, त्यातलं शेवाळ वेगळं करायचं, उरलेल्याची गोळी करून खाली टाकायची. बिळाभोवती अशा ताज्या, ओलसर गोळ्या असतील तर मालक घरात आहे. मादीच्या दोन्ही नांग्या लहान, म्हणून ती दोन्ही हातांनी भराभर जेवते.

निवट्या थोड्या खाली, जिथे चिखल चकाकतो तिथे. निवटी मासाच, पण ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवा घेते, कल्ल्यांत पाणी साठवून ठेवते. अंग सुकायला लागलं की चिखलात कूस बदलून ओलं करते. मोठ्या जातीची निवटी डोकं डावी-उजवीकडे फिरवत चिखलावरची साय खरवडून खाते. तिच्या वाटेवर चिखलावर खरवडल्याच्या खुणा राहतात, त्या बघा. पाणथळ खळग्यांतून टक्-टक् असा आवाज येत राहतो. तो पिस्तूल कोळंबीचा. नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, त्याचा हा आवाज.

चिंबोरीला नवख्याने हात लावू नये. कुणी फग (चिंबोरी धरायचं जाळं) काढत असेल किंवा आकडीने बिळातून चिंबोरी ओढत असेल तर नांग्या बांधून होईपर्यंत थांबा आणि मग उलटी करून दाखवायला सांगा. पोटाखालची झडप अरुंद, टोकदार असेल तर नर. रुंद, गोलसर असेल तर मोठी मादी. पायांच्या मुळाशी अंगठ्याने दाबा. कवच दबलं तर तिने नुकतीच कात टाकलीय, आत मांस कमी आणि पाणी जास्त. नर-मादीचा मेळ मादीने कात टाकल्यावर, ती मऊ असताना होतो. त्याआधी आणि नंतर काही दिवस नर तिला पोटाखाली धरून राखतो. पुढे मादी खाडी सोडून समुद्राकडे निघते, कारण अंड्यांतून निघणारी पिल्लं कमी खारट पाण्यात जगत नाहीत. लाखो पिल्लं पाण्यावर तरंगत, कात टाकत वाढतात आणि साधारण महिन्याभराने इवल्या खेकड्याच्या रूपात पुन्हा खाडीच्या मुखाशी येतात. झडपेखाली केशरी किंवा काळपट अंड्यांचा घोस दिसला तर ती मादी सोडून द्या, म्हणून मी प्रत्येकाला सांगते. पोटात केशरी गर असलेल्या मादीला भाव जास्त, हे मला माहीत आहे. तरीही सांगते.

आता पाणी वळायची वेळ. मोकळी खाडी सोडा आणि तिवरांत शिरणाऱ्या एखाद्या अरुंद फाट्याच्या तोंडाशी उभे राहा. माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवणारी जागा हीच. पहिली लाट आत शिरते तेव्हा बोयांची पिल्लं थव्याने पुढे असतात. पांढऱ्या थाळीत थोडं पाणी घेतलंत तर काचेसारखी, डोळे तेवढे काळे, अशी कोळंबीची पिल्लं दिसतील. यांची आई समुद्रात अंडी सोडून मोकळी झालेली. पिल्लं भरतीबरोबर वर चढतात आणि ओहोटीला तळाशी बसून राहतात, म्हणून उलटी वाहून जात नाहीत. मोठी झाली की समुद्राकडे परत. गोड्या पाण्यातली लांब नांग्यांची कोळंबी नेमकी उलटी. ती अंडी पोटाखाली घेऊन नदीतून खाडीत उतरते, कारण तिच्या पिल्लांना निमखारं पाणी लागतं. शिंगाळा माशाची आणखी वेगळी तऱ्हा: नर अंडी तोंडात धरतो आणि पिल्लं निघेपर्यंत खात नाही. पाहून झालं की थाळी तिथेच रिकामी करा.

हा फाटा भराव टाकून बुजवला तर वरवर तिवरं हिरवीच दिसतात, पण ये-जा थांबते. म्हणून मुलांच्या वहीत मी फाट्यांचा नकाशा काढून घेते आणि दर मोसमात पुन्हा तपासायला लावते.

खारटपणाही नोंदवा. पाणी चाखू नका. एक वाटी गाळलेलं पाणी काळ्या ताटलीत उन्हात वाळवा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून मेमध्ये ताटलीवर जाड पांढरा थर बसतो. अंबा नदी फुगल्यावर, पावसाच्या ऐन भरात, त्याच जागच्या पाण्याचा जेमतेम डाग उरतो. या दोन्ही पाण्यांत टिकतो तोच खाडीत राहतो.

जुलै-ऑगस्टमध्ये चिखलात उतरू नका, बांधावरूनच उघाडी बघा. उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, भरतीला मिटणारं आणि ओहोटीला उघडणारं. ओहोटीला उघाडीतून भातखाचरांचं गोडं पाणी बाहेर पडतं आणि त्या धारेवर लहान मासे जमतात. त्यांतली जिताड्याची पिल्लं खारेपाटातले शेतकरी पूर्वीपासून गावतळ्यांत सोडत आले आहेत. तळ्यात जिताडा वाढतो, पण तिथे त्याचा वंश वाढत नाही. त्यासाठी खाऱ्या पाण्याचं मुख लागतं. शिवाय तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. बाजारात सगळ्यात थोराड जिताडा दिसला तर तो बहुधा मादी असतो, हे वहीत लिहून ठेवा. आणि उघाडीचं दार गंजून अडकलेलं दिसलं तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीत कळवा. पाऊस संपेपर्यंत थांबलात तर शेतही जातं आणि पिल्लांचा मोसमही.