दरमहा सारखं उत्पन्न नसेल तर गृहकर्जाची फाइल अशी लावा

नवऱ्याचं केटरिंग, बायकोची अर्धवेळ नोकरी, वरच्या खोलीचं भाडं. घरात पैसा येतो, पण सॅलरी स्लिप एकाचीच, आणि फाइल तिथेच अडते. अशा वेळी दोघांच्या नावाने अर्ज करा आणि सोबत उत्पन्नाचा एका पानाचा तक्ता जोडा.

१. डावीकडे उत्पन्नाचे मार्ग, पुढे गेल्या ३ आर्थिक वर्षांचे आकडे. आकडे आयकर रिटर्नमधलेच, अंदाजाने नकोत.

२. प्रत्येक आकड्यासमोर पुरावा: धंद्याला नफा-तोटा पत्रक, नोकरीला फॉर्म १६ (पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा मालकाने दिलेला दाखला), भाड्याला नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार.

३. आयकर पोर्टलवरून फॉर्म २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या कराची नोंद) आणि एआयएस (वर्षभरातल्या उत्पन्नाची आणि व्यवहारांची नोंद) काढून ताडून बघा. कंपनीच्या ऑर्डरवर टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापला असेल तर तो तिथे दिसतो. रिटर्नशी जुळत नसेल तर बँकेच्या आधी सीएला गाठा.

४. बँक स्टेटमेंटच्या प्रतीवर मोठ्या जमा रकमेशेजारी पेनाने लिहा: ‘लग्नाची ऑर्डर, उरलेले पैसे’, ‘भाडं, मे’. सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. लग्नसराईत भरभरून आणि पावसाळ्यात जेमतेम जमा का, हे अधिकाऱ्याला न विचारता कळतं.

एक सांभाळा. अर्जाच्या तोंडावर घरातली रोकड एकदम खात्यात भरू नका. तिचा हिशेब विचारला जातो, आणि कागद नसेल तर बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही शंका येते.