हॅमॉकवर ताडपत्री ताणताना

झाडांमधलं अंतर ४ ते ५ मीटर असू द्या. आधी ताडपत्री, मग हॅमॉक. म्हणजे पावसातही सामान कोरडं राहतं. ३ मीटरच्या हॅमॉकला निदान साडेतीन मीटर लांब ताडपत्री लागते. ताडपत्रीची मधली दोरी, हॅमॉक झाडांना बांधायच्या पट्ट्यांच्या थोडी वर, ताठ बांधा. वारा असेल तर कडा खाली ओढा. खुंट्या ताडपत्रीपासून बाहेर कलत्या ठोका, सरळ ठोकल्या तर उपटतात. नायलॉन भिजलं की सैलावतं, म्हणून कोपऱ्यांना सरकगाठच हवी. झोपण्यापूर्वी पुन्हा ताणा.

बहुतेक जण विसरतात ते असं: खोडावरचं पाणी पट्टीवरून थेट अंथरुणात उतरतं. ताडपत्रीच्या कडेच्या जरा आत, पट्टीला सुतळीचा तुकडा बांधून लोंबता सोडा. पाणी तिथूनच ठिबकेल.